आण्णांच्या दोन ट्रंका आणि हिशेबाची वही

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

‘माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. मॅट्रिकनंतर दोन वर्षं शाळेत शिकवलं, मग नोकरी सोडली आणि शेवटपर्यंत मासिकांत, साप्ताहिकांत लिहीत राहिले. कुठल्याच कचेरीत ते कधी नोकरीला नव्हते. घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली. गावाकडं माळ्यावर त्यांच्या दोन ट्रंका आहेत. कात्रणं, कार्बनच्या प्रती, संपादकांची पत्रं, ‘साभार परत’च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, हिशेबाच्या वह्या. भाऊ जुनं घर पाडून नवं बांधतोय. तो म्हणतो, सीमाप्रश्नावरचं तेवढं ठेव, बाकी रद्दीत घाल. मला वाटतं त्यांच्यावर एक पुस्तक व्हावं. पण त्या परतीच्या चिठ्ठ्या मोजल्या, एकशे बारा निघाल्या, आणि हातपाय गळाले. लेखक म्हणून आण्णा हरलेच का? शिवाय आईबद्दल, आम्हा भावंडांबद्दल त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, त्याचा राग आहे तो वेगळाच. मी काय करू? त्यांचं अक्षर बघायला म्हणून वहीच्या एका जोडपानाची झेरॉक्स जोडते आहे.’
– एक वाचक, निपाणी

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि जोडलेलं पान त्याहून जास्त वेळा. ते तुम्ही अक्षर बघायला पाठवलंत. मी मात्र त्यातला मजकूर वाचत बसले. तो आधी तुम्हालाच वाचून दाखवते, कारण तुम्ही त्यावरून नजर फिरवून पुढं गेला आहात असं वाटतं.

डाव्या पानावर आण्णांचं बारीक, उभं अक्षर. वर साल, 1973. खाली असं आहे: ‘निपाणी, वखारीतल्या बायका. फेब्रु. बस दोनदा 17.40. चहा-खाणं 2.10. कागद, कार्बन 1.25. टपाल, परतीच्या तिकिटांसह 1.80. मे, साभार परत. दुसरीकडं टपाल 1.80. ऑगस्ट, छापला. म.ऑ. 30.’

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींवरच्या या एका लेखाची मी बेरीज केली. खर्च 24 रुपये 35 पैसे. मनीऑर्डर तीस रुपयांची. फेब्रुवारीत सुरू केलेल्या कामाचे ऑगस्टमध्ये हातात उरले पाच रुपये पासष्ट पैसे. आणि उजव्या पानावर दुसरं अक्षर आहे, टपोरं, थोडं तिरकं. ‘ब्लाऊज 6, 9.00.’ त्या तुमच्या आई असणार. एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर दोघांचा हिशेब.

ताई, पुस्तक करायचंच असेल तर ते या वहीपासून सुरू करा. माझं सांगणं एवढंच आहे. पुढं जे लिहिते आहे ते त्यासाठीच.

पण आधी त्या एकशे बारा चिठ्ठ्यांचं बोलू, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे.

मी पुण्यात एका मासिकाच्या कचेरीत अकरा वर्षं होते. सुरुवातीची तीन वर्षं माझं काम टपाल फोडायचं. सकाळी पोस्टमन गठ्ठा टाकून जायचा. त्यातली वर्गणीची पत्रं एका बाजूला, जाहिरातींची दुसऱ्या, आणि साहित्य तिसऱ्या. साहित्याची पाकिटं जाड असायची, ती हातानंच ओळखू यायची. अंकाची पानं छपाईच्या फॉर्मवर ठरायची, सोळा-सोळा पानांचा एक फॉर्म. एक फॉर्म वाढवायचा तर कागद, जुळणी, बांधणी सगळंच वाढायचं. त्यात क्रमशः कादंबरीची पानं बांधलेली, ठरलेली सदरं बांधलेली, जाहिराती अगदी शेवटच्या दिवशी येऊन दोन पानं खाणार. उरलेल्या जागेत बसेल तो लेख घ्यायचा. चौदा पानांचा उत्तम लेख परत गेलेला आणि सहा पानांचा बरा लेख छापलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. गेल्याच अंकात त्याच विषयावर काही येऊन गेलं असेल तरी परत. संपादक आजारी असले, टेबलावर ढीग साठला, की तो हलका करायला परत. ‘साभार परत’ची चिठ्ठी आम्ही हजारानं छापून घेत असू. ती पाकिटात घालणाऱ्या माणसानं लेख वाचलेला असायचाच असं नाही. बहुतेक वेळा घालणारी मीच असायची.

आणखी एक गोष्ट सांगते, जी आजही मनाला लागते. परतीची तिकिटं न जोडता आलेली हस्तलिखितं आम्ही सहा महिने ठेवत असू आणि मग रद्दीवाल्याला देत असू. माझ्याच हातानं वजन व्हायचं त्यांचं. एखाद्या माणसाचं दोन-दोन महिन्यांचं राबणं त्या तागडीत असायचं. तुमच्याकडं एकशे बारा चिठ्ठ्या आहेत याचा अर्थ आण्णांनी एकशे बारा वेळा परतीची तिकिटं जोडली होती आणि एकशे बारा लेख सुखरूप घरी परत आणले होते. त्यांतला कुठला पुढं दुसरीकडं छापून आला ते शोधा. तुमच्याच पानावर मे महिन्यात परत आलेला लेख ऑगस्टमध्ये छापलेला दिसतोच आहे. यादी जुळवायला घेतलीत की अशा जोड्या आणखी सापडतील, माझी खात्री आहे. आणि प्रत्येक चिठ्ठी उलटी करून बघा. मागं पेनानं दोन ओळी असल्या, ‘थोडं आटोपतं करून पाठवा’, ‘दिवाळीसाठी विचार करू’, तर त्या संपादकानं लेख नक्की वाचलेला असतो. अशा चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा.

‘हरले का’ या शब्दाबद्दल. बेळगावात 1929 साली साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष शि. म. परांजपे, ‘काळ’ हे साप्ताहिक चालवणारे. 1946 साली भरलं त्याचे ग. त्र्यं. माडखोलकर, नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच संमेलनात. म्हणजे आपल्या गावानं पत्रकाराला लेखक म्हणून डोक्यावर घेतलेलं आहे. पण या दोघांच्या हातात वृत्तपत्र होतं. गावात ‘तरुण भारत’ होता, नागपूरच्याहून वेगळा, बाबुराव ठाकूरांनी 1919 साली सुरू केलेला, त्यात नोकरी करणाऱ्यांना महिन्याचा पगार होता. नोकरीतल्या पत्रकाराच्या मागं 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा होता, रजा होती, भविष्य निर्वाह निधी होता. घरी बसून लिहिणाऱ्याच्या मागं कोण होतं? पोस्टमन आणि बायको. छापून येईल की नाही, आलं तर पैसे कधी, किती, काहीच आधी ठरलेलं नसायचं. अशा धंद्यात माणूस इतकी वर्षं टिकला, तर आधी तो कसा टिकला ते बघायला हवं. तुम्ही निकालावरून सुरुवात केलीत.

आता तो जमाना थोडा समोर आणते, कारण तुमच्या भावाला तो ठाऊक नसेल. आपल्या बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं, इथून उठून 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथल्या नांगरांच्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. 1929 पासून त्याचं नाव ‘किर्लोस्कर’ झालं. पुढं 1930 ला ‘स्त्री’, 1934 ला ‘मनोहर’. साने गुरुजींचं ‘साधना’ 1948 चं, माजगावकरांचं ‘माणूस’ 1961 चं. खेड्यापाड्यांत जाऊन, राहून, बघून लिहिलेलं छापायची हिंमत या साप्ताहिकांनी दाखवली, म्हणून आण्णांसारख्यांना बसचं तिकीट काढावंसं वाटलं. आणि दिवाळी अंक. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 साली पहिला काढला, तेव्हापासून घरी बसून लिहिणाऱ्याची सुगी तीच. पाऊस लागला की संपादकांची कार्डं यायला लागायची, ‘अमुक तारखेपर्यंत लेख पाठवावा’. आण्णांच्या वह्यांत जून-जुलैची पानं भरगच्च असतील आणि पैशाचे आकडे दिवाळीनंतर दिसतील. मधले महिने उजव्या पानावर चाललेले असतील. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडलं, पुढं एकेक करून बाकीची मिटत गेली, दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या फुगल्या. आण्णांचं लिहिणं कधी आटलं आणि त्या वर्षी कुठलं मासिक मिटलं होतं हे वहीत शेजारी शेजारी लिहून बघा. ‘आण्णांनी आळस केला’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याचं उत्तर तिथं मिळेल.

कामाला लागण्याआधी भावाशी पुस्तकाचा विषय काढू नका. त्याच्याकडं तीन महिने मागा. घर बांधणाऱ्या माणसाला ‘जपून ठेव’ म्हटलं की त्याला अडगळ दिसते, ‘मी अमुक तारखेला दोन्ही ट्रंका निपाणीला नेते’ म्हटलं की सुटका दिसते. ट्रंका तुमच्याकडं आणा. पण उघडून उपसायच्या आधी वरून फोटो काढा. एकेक थर काढाल तसा त्याचा फोटो. कुठल्या गठ्ठ्याला कुठली सुतळी, कशाबरोबर काय बांधलंय, हे आण्णांनी लावलेलं आहे, त्याला अर्थ असतो. आपण हौसेनं सगळं तारखेवार लावायला जातो आणि तो अर्थ कायमचा जातो. मी माझ्या काकांच्या कागदांचं असंच केलं होतं. वर चिरलेल्या कात्रणांना सेलोटेप लावली. दहा वर्षांत ती तपकिरी झाली आणि खालची अक्षरं घेऊन निघाली. तेव्हा सेलोटेप नको, डिंक नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या हळूच सरकवून काढा, ओढू नका. वर्तमानपत्राचा कागद हात लावताच तुटत असेल तर घडी उलगडायचा हट्ट न धरता कोऱ्या कागदावर आडवा ठेवून फोटो घ्या. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. खानापूरच्या पावसात कागद ओल धरतो, म्हणून हे काम कोरड्या दिवसांत उरका आणि ट्रंका पुन्हा जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. वाळवी भिंतीतूनच येते.

मग एक जाड रजिस्टर. लेखाचं नाव, मासिक, महिना, छापलेलं नाव (टोपणनावं असणारच, एकाच अंकात दोन लेख आले की संपादक एकाला दुसरं नाव देत), किती पानं, कधी पाठवला, कधी परत, मानधन किती. कात्रणांवर तारीख नसेल, बहुतेक कात्रणांवर नसतेच, तेव्हा अडून बसू नका. कात्रण उलटं करा. मागची जाहिरात बघा. किंमत ‘नये पैसे’मध्ये असली तर ते 1957 ते 1964 मधलं. पत्त्याखाली सहा आकडी पिन असला, आपल्याकडचा 59 नं सुरू होणारा, तर ते 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिन कोड त्या दिवशी आला. पाकिटावर ‘बेळगाव, म्हैसूर राज्य’ असेल तर 1 नोव्हेंबर 1956 ते 1 नोव्हेंबर 1973 मधलं. ‘मुंबई राज्य’ असेल तर त्याच्याही आधीचं. ‘कर्नाटक’ असेल तर नंतरचं. आपल्या भागातल्या माणसाचा पत्ता त्याच घरात बसून तीन राज्यांतून गेला, आणि नाव बदलल्यापासून, म्हणजे 2014 पासून, ‘बेळगावी’ही झाला. दुसरीकडच्या लेखकांच्या कागदांना ही सोय नाही. आपल्याला ज्या गोष्टीनं इतका त्रास दिला तीच इथं तारीख लावायला उपयोगी पडते.

मनीऑर्डरची कूपनं सापडली तर ती सोन्यासारखी जपा. खालच्या इवल्याशा जागेत संपादक चार शब्द लिहायचे. ‘लेख आवडला, आणखी पाठवा’ हे शब्द मी कितीदा तरी तिथं लिहिलेत, संपादकांनी सांगितलं म्हणून. कूपनावर पोस्टाचा शिक्का असतो, त्यामुळं तारखेचाही वाद राहत नाही.

आता भावाचं म्हणणं. ‘सीमाप्रश्नावरचं तेवढं ठेव.’ त्याचं मन मी समजू शकते. 17 जानेवारी आणि 1 जून हे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे दिवस आपल्याकडं कुणी विसरत नाही, 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, आपण कसे असतो हेही सांगायला नको. ते लेख जपलेच पाहिजेत. पण त्याला एवढं विचारा. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, तो छापील आहे. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, त्याची कागदपत्रं आहेत. सभांची वृत्तं दैनिकांत आहेत. 1973 साली निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळत, धुराळ्यानं तिला खोकला कसा लागायचा, तोंडाला पदर बांधून ती काय बोलत होती, हे कुठल्या सरकारी कागदात आहे? 1981 साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी महामार्गावर बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली, तेव्हा पुण्या-मुंबईचे पत्रकार निपाणीत आले. आण्णा आठ वर्षं आधी स्वतःच्या पैशानं बस पकडून तिथं जाऊन आले होते. मोठ्या घटनेच्या आधीचं हे लिहिणं सहसा कुणाकडं नसतं. ते रद्दीत घालायचं म्हणता?

आणि त्यांच्या कामातला एक गुण तुमच्या पत्रात नाही, तो मी अंदाजानं लिहिते, वह्यांवरून पडताळून बघा. खानापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं. वखारीत अर्ध्या बायका कन्नड बोलणाऱ्या असतील. बाहेरून आलेल्याला दुभाष्या लागतो, आणि दुभाष्या म्हणजे बहुधा मुकादमच निघतो. आण्णांना तो लागला नसणार. त्यांच्या टिपणांत मध्येच कन्नड शब्द देवनागरीत लिहिलेले सापडतील. ते खोडू नका, ‘शुद्ध’ करू नका. कन्नड जाणणाऱ्या शेजारणीला बसवून अर्थ लिहून घ्या. दोन भाषांमधून ऐकून एका भाषेत लिहिणारा माणूस सीमाभागातच तयार होतो. त्याची दखल घ्यायला कुणाशी वैर करावं लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पुढं यावरून घरात कटकटी होतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच. मनीऑर्डर आली म्हणून हक्क मासिकाकडं जात नाही, त्यासाठी लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. तसा एखादा कागद ट्रंकेत असला तर बाजूला काढा आणि वकिलाला दाखवा. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, साठ वर्षं राहतो. मृत्युपत्र नसेल तर तो आईंचा, तुमचा, भावाचा, सगळ्या भावंडांचा मिळून आहे. म्हणून पुस्तक ठरलं की सगळ्यांच्या संमतीच्या सह्या एका कागदावर घ्या, भाऊ आज ‘रद्दी’ म्हणत असला तरी. संपादकांच्या पत्रांचं वेगळं. कागद तुमचा, पण शब्द त्यांचे. छापायची असतील तर त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्या. मागितली की लोक आनंदानं देतात, असा माझा अनुभव आहे.

पुस्तकाबद्दल माझं मत रोखठोक आहे, वाईट वाटून घेऊ नका. स्मृतिग्रंथ काढू नका. ‘आण्णा एक व्यक्तिमत्त्व’, पंधरा जणांच्या आठवणी, आमदारांच्या शुभेच्छा, असली पुस्तकं मी भरपूर पाहिली. बारशाला वाटतात तशी वाटली जातात आणि तशीच राहतात. सगळे लेखही छापू नका. पोटासाठी लिहिणाऱ्याचं सगळंच लिहिणं टिकत नाही. उन्हाळ्यात काय खावं, परीक्षेचं टेन्शन, अमुक संतांची पुण्यतिथी, असले तीस-चाळीस लेख निघतील. त्यांच्यावर घराचं तांदूळ-तेल आलं, म्हणून रजिस्टरात त्यांची नोंद हवीच, पण पुस्तकात नको. निपाणीच्या वखारी, खानापूरच्या कौलांच्या भट्ट्या, नंदगडचा बाजार, जे आण्णांनी स्वतः जाऊन, बघून लिहिलं असेल, असे वीस लेख निवडा. आणि प्रत्येक लेखाआधी वहीतलं त्याचं पान. बस इतकी, टपाल इतकं, कितीदा परत, मनीऑर्डर इतकी. आणि समोरचं उजवं पानही. ते गाळलंत तर पुस्तक खोटं होईल.

माहीत नसलेले लेख शोधायला तुम्हाला बाहेर पडावं लागेल. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर निपाणीहून तासाभरावर आहे. मोठा साठा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, पण तिथं जाताना रजिस्टर हातात असू द्या, महिना-वर्ष सांगता आलं पाहिजे. ‘वडिलांचे लेख बघायचेत’ म्हटलं की ग्रंथपाल काय करणार? मूळ कागद पुढं एखाद्या ग्रंथालयाला द्यावेत, पण सगळ्याचे फोटो झाल्यावर, यादी करून, पोच घेऊन. हिशेबाच्या वह्या सगळ्यात शेवटी द्या.

प्रकाशनाला पुण्यात सभागृह घ्यायचं डोक्यात असेल तर तेही सोडा. आपल्याकडं हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावागावांत साहित्य संमेलनं भरतात, शेतकरी, बायका, शाळेची पोरं मांडवात बसून ऐकतात. तिथल्या एखाद्या संमेलनाच्या मंडळींना विचारा. निपाणीचा लेख तिथं मोठ्यानं वाचला गेला तर वखारीत राबलेली एखादी बाई, नाहीतर तिची लेक, समोरच असायची.

राहिला तुमचा राग. तो मी खोटा म्हणणार नाही. घरातला माणूस जगातल्या बायकांच्या खोकल्यावर चौदा पानं लिहितो आणि रात्री दिव्याखाली डोळे फोडून शिवणाऱ्या स्वतःच्या बायकोवर एक ओळ नाही, हे लागणारच. यावर आण्णांची बाजू मी घेणार नाही. त्या पिढीत बऱ्याच पुरुषांना घर हा लिहायचा विषय वाटतच नव्हता, पण म्हणून आईंच्या श्रमाचं मोल कमी होत नाही. ते तुम्ही लिहा. पहिलं प्रकरण आईंचं असू द्या. त्यांना ‘आण्णांच्या आठवणी सांग’ म्हणून विचारू नका, त्या ‘काय सांगायचं, चांगले होते’ म्हणतील आणि चहा ठेवायला उठतील. वही त्यांच्या मांडीवर द्या. उजव्या पानावर बोट ठेवा आणि ते कापड कुणाचं होतं ते विचारा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बाजूला ठेवा आणि तासाभरानं थांबवा, एका दिवशी जास्त नको.

आणि तुमच्या झेरॉक्सवर, डाव्या पानाच्या अगदी तळाशी, शाई थोडी पसरली आहे तिथं, आणखी एक नोंद आहे. बहुधा तुम्ही ती वाचलेली नाही. मी भिंग घेऊन वाचली. ‘मार्च 9, नंदगड रद्द. बेबीला ताप. डॉक्टर 3.00, औषध 2.25.’ त्याखाली दोन दिवसांनी, ‘ताप उतरला.’ ही ‘बेबी’ तुम्ही की तुमची बहीण ते मला ठाऊक नाही. पाच रुपये पासष्ट पैसे ज्याला सहा महिन्यांनी मिळायचे होते, त्यानं सव्वापाच रुपये त्या दिवशी कुठून आणले, हे आईंना नक्की आठवत असेल.

तेवढं त्यांना विचारा आणि मला कळवा. आणि 1973 च्या आधीची वही ट्रंकेत आहे का, तेही बघून ठेवा.